दोन मोरांची पट्टी

लोकांना वाटतं, कॉम्प्युटरच्या सांगण्याने लाकूड कोरणारं ते मशीन मी हौसेने बनवलं. कंपनीतले सहकारी अजून विचारतात, "मॅडम, तुमच्या त्या घरच्या सीएनसीचं काय झालं?" मी सांगते, चालतंय. ते खोटं नाही. पण हौस वगैरे काही नव्हती. मला राग आला होता, आणि राग आला की मी काहीतरी उघडून बसते. घरातला मिक्सर असो नाहीतर कंपनीतलं एखादं बंद पडलेलं पॅनेल. त्या वर्षी राग मोठा होता, म्हणून मशीनही मोठं झालं.

राग भावावर होता. दादा माझ्याहून बराच मोठा. भिंगारला घरामागे वडिलांनी घातलेल्या पत्र्याच्या शेडात तो सुतारकाम करायचा. कोरीव कामात त्याचा हात असा की देव्हारा, दाराची चौकट, पाळण्याचे खांब, काहीही सांगा, लाकडातून नक्षी वेल उगवल्यासारखी बाहेर यायची. मी त्या घरातलं शेंडेफळ. पोरीच्या हातात पटाशी शोभत नाही असं वडील म्हणायचे. मग मी स्क्रूड्रायव्हर धरला, डिप्लोमा केला आणि एमआयडीसीत मशीन दुरुस्तीच्या कामाला लागले. त्यालाही घरात कुणी शोभतं म्हणालं नाही, पण पटाशीची गोष्ट तेवढी मागे पडली.

एका उन्हाळ्यात दादाला अर्धांगवायूचा झटका आला. पाय परत आला. जीभ जड झाली, पण तीही बरीचशी आली. उजवा हात आला नाही. तो मांडीवर ठेवला तर मांडीवर, उशीवर ठेवला तर उशीवर, असा राहायचा. व्यायाम करून घ्यायला माणूस यायचा, त्याने दिलेला रबरी चेंडू दादाने अंगणात फेकून दिला आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसला. नातेवाइकांच्या उपायांना तर ऊतच आला. कुणी जामखेडकडचं तेल आणलं, कुणी झाडपाल्याचा काढा. एका मावसभावाने कबुतराच्या रक्ताने मालिश करायला सांगितली, त्याला मी चहाही न विचारता वाटेला लावलं. दादा सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि पुन्हा भिंतीकडे वळायचा. शेडाकडे म्हणून तो गेला नाही. लघवीला जायची वाट शेडावरूनच, तर तो घराला वळसा घालून जायचा.

शेडात पोत्याखाली एक पट्टी पडली होती. दाराच्या चौकटीवर बसवायची सागवानी पट्टी, चोचीला चोच लावून बसलेले दोन मोर. ही गिऱ्हाइकाची नव्हती. गावभरची दारं सजवून झाली आणि आपलं दार तेवढं बोडकं, यावरून वहिनी त्याला आयुष्यभर टोचत आली होती. शेवटी त्याने तिच्यासाठी ही घेतली होती करायला. डावा मोर झाला होता. मान, तुरा, पिसाऱ्यातला डोळा न् डोळा. उजवा नुसता पेन्सिलीत होता. तेवढ्यात झटका आला.

वहिनीने एकदा घाबरत घाबरत विचारलं, "दुसऱ्या कुना सुताराकडनं पुरी करून घ्यावी का?"

दादा भिंतीकडे बघत म्हणाला, "जाळ ती."

वहिनी चुलीपाशी जाऊन रडली. मी रडले नाही, माझं डोकं फिरलं. मी शेडात गेले, पोतं बाजूला केलं आणि त्या डाव्या मोराकडे बघत उभी राहिले. मग सुचलं ते असं, की हा मोर मोजून घ्यायचा, त्याची उंची-खोली सगळी कॉम्प्युटरवर घ्यायची, आरशात दिसतो तसा उलटा करायचा आणि उजव्या बाजूला मशीनने कापायचा. म्हणजे उजवा मोरही दादाचाच होईल. दुसऱ्या सुताराचा हात लागणार नाही. पट्टी पुरी झाली तर दादा शेडात येईल, एवढाच माझा हिशोब होता. तो तिथे येऊन नुसता बसला असता, मला शिव्या दिल्या असत्या, तरी मला पुरलं असतं.

वहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "वन्सं, तुमच्या मशीननं त्येंचा हात येनार हाय का माघारी?"

"हात नाही येणार," मी म्हणाले, "पण माणूस येईल."

मोठ्या तोंडाने बोलून गेले खरी. सर्व्हो मोटर मला भंगारवाल्याकडे मिळाल्या, कुठल्यातरी बंद पडलेल्या पॅकिंग मशीनच्या. या मोटरचा स्वभाव मला आवडतो. साध्या मोटरला सांगितलं तेवढं ती फिरते आणि मध्ये अडली तर अडल्याचं तिच्या गावीही नसतं. सर्व्होच्या पाठीवर मोजणारा डोळा असतो. आपण सांगितल्या जागी पोचलो की नाही हे ती सारखं बघते आणि पोचेपर्यंत जोर लावत राहते. आमच्या घरात सगळेच तसे, एक दादा सोडून. तोही पूर्वी तसाच होता.

सांगाड्यासाठी मात्र मी लोखंड घेतलं नाही. दादाचा बाक घेतला. बाभळीचा, वडिलांच्या वेळचा, चार माणसांनाही हलणार नाही असा. कंपनीतल्यांनी वेड्यात काढलं. लाकूड फुगतं, आक्रसतं, त्यावर मशीन कसं बसवणार? मी म्हणाले, हे लाकूड जेवढं आक्रसायचं तेवढं आमच्या वडिलांच्या वेळेलाच आक्रसलंय. खरं कारण निराळं होतं. दादा ज्याच्यावर वाकून जन्मभर काम करत आला, तो बाक मशीनखाली असला तर ते मशीन त्याला परकं वाटणार नाही असं मला वाटत होतं. बाक घेऊ का म्हणून विचारायला गेले, तर तो म्हणाला, "घ्या. समदंच घ्या." मी घेतला.

रविवार आणि सुट्ट्या त्यात गेल्या. बाकाच्या दोन्ही कडांना रूळ बसवले, त्यावर आडवी सरकणारी कमान, कमानीवर वर-खाली होणारं कापायचं डोकं. मोटर लावल्या तेव्हा त्या आधी नुसत्या थरथरायच्या, घूं घूं करायच्या. सर्व्होला नीट वळण लावावं लागतं, जास्त हट्टी केली तरी बिघडते, मऊ केली तरी. पलीकडच्या मैदानात लष्कराचा गोळीबाराचा सराव चालायचा, इकडे माझ्या मोटर कण्हायच्या. एक दिवस वहिनी हसू दाबत शेडात आली. म्हणाली, "ह्ये इचारत्यात, तिला ताप आलाय का?"

झटक्यानंतर दादाने आपणहून विचारलेली ती पहिली गोष्ट होती. मी त्या आनंदात एक वायर उलटी जोडली.

मग एका दुपारी तो शेडाच्या दारात येऊन उभा राहिला. आत आला नाही. डाव्या हाताने चौकट धरून म्हणाला, "हिला कळतंय कसं कुठं कापायचं त्ये?"

मी हातातलं काम टाकून त्याला सांगत सुटले. मशीन सुरू केलं की आपण कुठे आहोत हे त्याला ठाऊक नसतं. म्हणून आधी त्याला घरी पाठवायचं. ही कमान हळूहळू उजवीकडे सरकत जाते. तिच्या बुडाला हा बोटाएवढा सेन्सर आहे, तो धातू जवळ आला की ओळखतो. बाकाच्या उजव्या टोकाला मी ही लोखंडी पट्टी ठोकलीय. सेन्सर तिच्यावर आला की लाल दिवा लागतो, कमान थांबते आणि मशीन म्हणतं, हे माझं घर, इथून शून्य. पुढची सगळी मापं त्या शून्यापासून. मधे सगळं लाकूडच आहे, लाकूड त्याला दिसत नाही.

दादा ऐकत होता. म्हणाला, "आंधळ्यागत चाचपत घरी जाती की."

"व्हय, तसंच."

"बरंय तिचं," तो म्हणाला आणि माघारी गेला. पण या वेळी शेडावरूनच गेला.

त्यानंतर तो येत राहिला. आधी दारात, मग आतल्या स्टुलावर. पॅकिंगच्या फळीवर मी पहिला मोर कापला तेव्हा त्याने तो डाव्या हातात घेतला, अंगठा फिरवला आणि म्हणाला, "डोळा मेलाय ह्येचा." मला इतका आनंद झाला की मी भांडलेच. डोळ्याला काय झालंय, तुझ्याच मोरावरून मोजलाय! तो म्हणाला, माझ्या मोराच्या डोळ्याच्या कडेला पटाशी तिरपी धरलीय, ही सरळ उतरतीय. मी बिट, म्हणजे कापायचं पातं, बदललं, कापायची दिशा बदलली. आणखी फळ्या वाया घालवल्या. तो प्रत्येक मोराला नावं ठेवायचा. वहिनी शेडात चहा घेऊन यायची आणि आमचं भांडण ऐकत उभी राहायची. तिला मी इतकी सुखात फार दिवसांनी बघत होते. शेवटी एका मोराला तो काही बोलला नाही. फळी मांडीवर घेऊन नुसता बसला. मग म्हणाला, "दसऱ्याला लाव पट्टी."

मी खरी पट्टी बाकावर आवळून बसवली. घरापासून तिचं माप मशीनला शिकवलं. बिट लाकडाच्या वर अधांतरी ठेवून सगळा उजवा मोर हवेत फिरवून बघितला, पुन्हा पुन्हा. केसाचाही फरक पडत नव्हता. मग मशीन बंद केलं आणि दादाला सांगितलं, आता दसऱ्यापर्यंत पट्टीला कुणी धक्का लावायचा नाही. "न्हाई लागायचा," तो म्हणाला.

खंडेनवमीला आमच्यात हत्यारांची पूजा असते. आदल्या वर्षी दादाने हत्यारं बाहेर काढू दिली नव्हती. या खंडेनवमीला माझी शिफ्ट होती म्हणून मी कंपनीत होते. दसऱ्याला सकाळी भिंगारला आले, तर शेड झाडून सारवल्यासारखं स्वच्छ. करवती, रंधे, पटाश्या फडक्यावर ओळीने मांडलेल्या. आणि मशीनला झेंडूची माळ, मोटरना हळदकुंकू, डोक्याला आंब्याची डहाळी.

वहिनी म्हणाली, "समदं त्येंनी केलं. येका हातानं. मला शिवू दिलं न्हाई."

तेव्हा मात्र मी रडले. ज्याने बाक "घ्या" म्हणून टाकून दिला होता, त्याने ते मशीन आपल्या हत्यारांत धरलं होतं. याहून मला काय पाहिजे होतं?

पण मी मशीन दुरुस्तीतली बाई आहे, डोळे पुसून कामाला लागले. फिरणाऱ्या भागांवरची माळ उतरवली, डहाळी काढली. मोटरच्या जाळीत कुंकू गेलंय का बघितलं, वायरी तपासल्या. सेन्सरचं तोंड कापडाने पुसलं. उजव्या टोकाची लोखंडी पट्टी पुसली. बाकाच्या लाकडावर हळदकुंकवाची बोटं होती, एका जागी ओल्या कुंकवाचा जाडसर थर आणि त्यावर चिकटलेल्या झेंडूच्या पाकळ्या. ते मी तसंच ठेवलं. लाकूड मशीनला दिसत नाही, आणि पूजेचं पुसू नये.

दादा धुतलेला सदरा घालून स्टुलावर बसला. वहिनी मागे उभी. मी मशीन सुरू केलं आणि घरी जायचं बटण दाबलं. कमान सावकाश उजवीकडे निघाली. मी दादाकडे बघत होते. तो पट्टीवरच्या मोकळ्या जागेकडे बघत होता, ओठ थोडे उघडे, लहान मुलासारखा. लाल दिवा लागला, कमान थांबली. मी दिवा बघितला आणि कापायची आज्ञा दिली.

उजव्या मोराची चोच पट्टीच्या मध्यावर, तिथूनच सुरुवात होती. डोकं सरकलं, वीतभर जास्त सरकलं, आणि मला कळायच्या आत बिट डाव्या मोराच्या मानेत उतरलं. मशीन थांबवायच्या लाल बटणावर हात मारायला किती वेळ लागतो? तेवढा लागला. सर्व्होने सांगितलं तिथे पोचेपर्यंत जोर लावला. दादाने पटाशीने पीस पीस काढलेल्या मानेतून आरपार चर गेला, डोळ्यावरून, तुऱ्यावरून. मशीन थांबलं. सागाचा भुसा अजून हवेत होता.

मी कमानीखाली वाकले. सेन्सर बाकाच्या टोकाला पोचलाच नव्हता, वीतभर आधी थांबला होता. त्याच्या बरोबर खाली तो कुंकवाचा थर. मी नखाने खरवडला. पाकळ्या निघाल्या, कुंकू निघालं आणि खाली रुपया लागला. आजकालचा रुपया स्टीलचा. सेन्सरला तो घर वाटला होता, आणि शून्याबरोबर सगळी मापं वीतभर डावीकडे सरकली होती.

मी तशीच ओरडले, "इथं रुपया कुनी चिकटवला?"

ओरडता ओरडताच मला आठवलं. आमच्या वडिलांची रीत. खंडेनवमीला बाकाच्या कपाळाला, म्हणजे वरच्या फळीवरच्या एका ठरलेल्या जागी, ओल्या कुंकवात रुपया चिकटवायचा आणि तो हाताने काढायचा नाही. काम सुरू झालं की हादऱ्याने आपोआप पडू द्यायचा. पोरी मागे आरतीचं ताट घेऊन उभ्या असायच्या, मी शंभर वेळा बघितलं होतं. बाक उलटासुलटा करून त्यावर रूळ ठोकताना ते कपाळ नेमकं सेन्सरच्या वाटेवर आलं, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. दादाला ते चाचपून सापडलं होतं.

दादाने डावा हात थोडासा वर केला, शाळेत मुलं करतात तसा. "म्या," तो म्हणाला.

मी धावत त्याच्यापाशी गेले. दादा, तुझी नाही, चूक माझी. सेन्सर बाकाच्या खालून लावायला पाहिजे होता. त्याच्यावर झाकण पाहिजे होतं. मी दिव्याकडे बघितलं, कमान कुठे थांबली ते बघितलं नाही. जे जे खरं होतं ते सगळं सांगितलं. वहिनी म्हणाली, अहो ऱ्हाऊ द्या, मला न्हाई पायजे पट्टी, बोडकंच दार बरं. तो आमच्या दोघींकडे बघत नव्हता. उठून बाकापाशी गेला. डाव्या हाताचा अंगठा मोराच्या मानेवर ठेवला, चरातून खालपर्यंत नेला. मग तो हात उलटा करून तळवा बघितला. बोटांना अजून पूजेचं कुंकू होतं.

"म्हंजी ह्योबी हात गेला," तो म्हणाला.

तो शेडातून गेला तो परत आला नाही. घराला वळसा घालून जातो. पट्टी मी जाळू दिली नाही, पोत्याखाली आहे. डावा मोर पुन्हा करता येईल, त्याची सगळी मापं माझ्याकडे आहेत, दोन्ही मोर नव्या पट्टीवर एका दिवसात कापून होतील. मी हे दादाला एकदा सांगून बघितलं. तो म्हणाला, "कर की." मी काय बोलले ते मला तेव्हा कळलं, तुझा हात आता लागतच नाही असं, आणि मी पुन्हा तो विषय काढला नाही. सेन्सर मी खालून बसवलाय, दोनदा खात्री केल्याशिवाय मशीन आता शून्य मानत नाही. त्याच्यात काही दोष उरलेला नाही.

परवा गेले तर वहिनी भाकरी कुस्करत होती. उजवा गेल्यावर दादा फार लाजत लाजत डाव्या हाताने जेवायला शिकला होता, कुणी आलं की ताटाकडे पाठ करायचा, पण जेवायचा आपलं आपण. दसऱ्यापासून आपल्या हाताने जेवत नाही. वहिनी घास करते, तो तोंड उघडतो. मी समोर बसले तेव्हा त्याने डावा हात चादरीखाली घेतला, आणि मी उठेपर्यंत बाहेर काढला नाही.